लगोरी सोडायची की नाही

नंद्या,

तुझ्या संगीताने तुझा फोटो मोठा करून घेतलाय. दारातून आत गेलं की समोरच दिसतोस. हार आहे, उदबत्ती आहे आणि तू तोंड घट्ट मिटून बसलायस, सही जुळत नाही म्हणून बँकेत उभं करून ठेवलेल्या माणसासारखा. जन्मभर लोकांच्या कवळ्या केल्यास आणि स्वतःचा पुढचा तुटका दात काही नीट करून घेतला नाहीस. फोटोवाल्याने हसायला सांगितलं की ओठ आवळायचास. तो दात माझ्या चेंडूने तुटला होता. चौथीत असताना, आपल्या लालबागच्या चाळीच्या चौकात, लगोरी खेळताना. तू घरी सांगितलंस की जिन्यावरून पडलो, आणि काकूंनी वर तुलाच दोन धपाटे घातले. मी तुला त्याबद्दल कधी सॉरी म्हटलं नाही. तोच दात दाखवून तू माझ्याकडून फुकटात हजारो चित्रं काढून घेतलीस, तेव्हा हिशेब मिटला असं मी धरून चालले होते.

तुला जाऊन दीड महिना झाला. भेटायला येणारे लोक हळू आवाजात विचारतात, "ते कॉम्प्युटरवर पण काहीतरी करायचे ना?" मला राग येतो. काहीतरी! घरच्या घरी अकरा खेळ केलेस तू. चिंचपोकळीच्या त्या गल्लीतल्या लॅबमध्ये दिवसभर प्लास्टर आणि मेणात हात घालून घरी यायचास, रविवार आला की गॅलरीकडच्या टेबलाशी बसायचास आणि एकट्याने खेळ लिहायचास. चित्रं माझी, बाकी सगळं तुझं. आणि झाला की तो जगात सोडून द्यायचास, ज्याला हवा त्याने खेळावा म्हणून. आधी सीडीवर, मग इंटरनेटवर. आपण दोघं त्याला 'सोडणं'च म्हणायचो. पण येणाऱ्यांना मी हे सगळं कुठे सांगत बसू? मी म्हणते, "हो, करायचा." आणि चहा टाकायला उठते.

तू पहिल्यांदा मला बोलावलंस तेव्हा मी लग्न होऊन अँटॉप हिलला सरकारी क्वार्टर्समध्ये राहायला गेले होते आणि शाळेत चित्रकला शिकवायला लागून चार-पाच वर्षं झाली होती. माहेरी आले की तुमच्या खोलीत डोकावायचेच. तू सुटे भाग आणून जोडलेला कॉम्प्युटर होता, त्याचं डबडं उघडंच, आत पंखा फिरतोय. पडद्यावर एक चौकोन पायऱ्या चढत होता. तू म्हणालास, "शुभे, हा माणूस आहे. हातात पाण्याची बादली आहे. तिसऱ्या मजल्यावर न्यायची. सांडता कामा नये."

मी म्हटलं, "हा माणूस नाही, हा साबण आहे."

"म्हणून तर तुला बोलावलं," म्हणालास, आणि ओठ वर करून दात दाखवलास.

तो आपला पहिला खेळ, 'जिना'. मी ड्रॉइंगच्या कागदावर जलरंगात चित्रं काढायची, तू ती स्कॅन करायचास आणि वैतागायचास. "आठ रंग सांगितले होते, तू ऐंशी वापरलेस!" मी म्हणायचे, चाळीचा जिना आठ रंगांत होत नाही, पिवळ्या दिव्याखालची भिंत एक असते आणि कोपऱ्यातली पानाच्या पिचकारीची भिंत वेगळी. या भांडणाचा निकाल कधी लागलाच नाही. तू गुपचूप माझे रंग कमी करायचास, मी गुपचूप पुढच्या चित्रात जास्त घालायची. आतून काकू ओरडायच्या, "झिला, जेवक ये, नायतर ताट मांजराक घालतंय!" आणि तू "आलो आलो" करत तासभर हलायचा नाहीस. मांजराची त्या घरात चैन होती.

मला तुझ्याबद्दल जे वाटायचं ते मी कधी तुझ्या तोंडावर बोलले नाही. बोलले असते तर तू शेफारला असतास. आता बोलते.

तुझ्या लॅबमध्ये कवळी मेणात तयार व्हायची, दाताच्या डॉक्टरांकडे जायची, पेशंटच्या तोंडात लावून बघितली जायची आणि चिठ्ठीसकट परत यायची. 'डावीकडे उंच.' 'बोलताना सुटते.' 'आजी म्हणतात, ही माझी वाटत नाही.' बाकीचे कारागीर डॉक्टरला शिव्या घालायचे, पेशंटला घालायचे. तू ती चिठ्ठी भिंतीवर टाचायचास आणि पुन्हा पहिल्यापासून मेण तापवायचास. मी एकदा विचारलं, "तू ते तोंड बघितलेलंसुद्धा नाहीस, मग खरं कोण सांगतंय हे कशावरून ठरवायचं?" तू म्हणालास, "चावायचंय कोणाला? तिला. मग तीच खरी." हे तू कुठल्या आवेशात बोलला नव्हतास. हातातलं काम चालूच होतं.

खेळांनाही तू तोच कायदा लावलास. आपला रविवार सकाळचा ट्रायलचा कार्यक्रम! चाळीतल्या कोणाला तरी पकडून आणायचं, खुर्चीत बसवायचं आणि एक अक्षर सांगायचं नाही. कुठलं बटण दाबायचं, कुठे जायचं, काही नाही. तू मागे हाताची घडी घालून उभा. माणूस चुकला, अडला, वैतागला तरी तू गप्प. माझ्याच्याने गप्प राहवायचं नाही. "अहो, उजवीकडे!" असं माझ्या तोंडून निघायचंच. म्हणून तू ट्रायलच्या आधी माझ्या तोंडात लिमलेटची गोळी कोंबायचास. शाळेतल्या मुलांना दटावणारी बाई मी, आणि तुझ्या घरी गाल फुगवून कोपऱ्यात उभी. माणूस निघून गेला की तू वहीत लिहायचास, तो कुठे अडला, कुठे हसला, कुठे त्याने घड्याळ बघितलं. माणूस चुकला अशी एकही नोंद नव्हती. 'इथे मी वाट दाखवली नाही', असं लिहायचास.

दळवीकाका आठवतात? पहिल्या मजल्यावरचे. मिलमध्ये डाव्या हाताची तीन बोटं गेलेली. 'जिना' त्यांना बेहद्द आवडला, पण एका वेळी दोन बटणं दाबावी लागायची, ते त्यांना जमेना. ते काही तक्रार करायला आले नव्हते. हसत म्हणाले, "नंदू, माझी बादली दुसऱ्या मजल्याच्या वर जात नाय रे. पण मजा येते." आणि गेले. तू त्या रविवारी जेवला नाहीस. पुढे सहा महिने तू पूर्ण खेळ उलटासुलटा केलास, एका हाताने, एका बोटाने खेळता यावा म्हणून. माझी अर्धी चित्रं वाया गेली. मी चिडले, "एका माणसासाठी?"

"कवळी पण एकाच माणसासाठी असते," तू म्हणालास.

त्या दिवसापासून मी तुला मनातल्या मनात मानायला लागले. दळवीकाका तिसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा त्यांनी सगळी चाळ गोळा केली होती. पुढे इंटरनेटवर टाकल्यावर कुठकुठल्या लोकांची पत्रं आली, एकाच हातावर भागवणाऱ्या लोकांची. तू ती मला वाचून दाखवायचास, पण दोन-तीन ओळी झाल्या की 'पुढचं तू वाच' म्हणायचास. मग मी वाचायची.

आणि बोंबलाची गोष्ट तर मी मरेपर्यंत सांगणार आहे. तू नाहीस म्हणून सोडणार नाही.

सुकत घातलेले बोंबील कावळ्या-मांजरांपासून राखायचे, असा तो खेळ. कल्पना झकास होती. तू मला म्हणालास, बांबूंवर दोऱ्या बांध आणि त्यांना बोंबील टांग. मी शेपटीला टांगले. तू बघितलेस, "मस्त" म्हणालास. आपण दोघं कोकणातले, सुके बोंबील भाजून वाढलेले, आणि दोघांपैकी एकालाही शंका आली नाही. आपल्याला बोंबील माहीत होता तो बाजारातल्या टोपलीतला. खेळ सोडला आणि चौथ्या दिवशी त्याच्या इंटरनेटवरच्या पानाखाली कोणीतरी लिहिलं, 'माझी आई विचारते, शेपटीला कोण टांगतं? डोळे फुटले का?' खाली पत्ता होता, कफ परेडचं मच्छीमार नगर.

मी म्हटलं, पुसून टाक. तू म्हणालास, "चल."

रविवारी दुपारी आपण तिथे पोचलो. वाऱ्याला सगळीकडे तोच वास. त्या बाई कमरेला पदर खोचून समोर उभ्या. तू हात जोडलेस, "मीच तो. शेपटीवाला." त्या आधी तुझ्याकडे बघत राहिल्या, मग एवढ्या हसल्या की शेजारच्या दोन बायका बाहेर आल्या. मग त्यांनी दोन ओले बोंबील घेतले, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवला आणि ती जोडी दोरीवर टाकली. एक या बाजूला, एक त्या बाजूला. "अशी जोडी र्‍हाते. वारा आला तरी पडत नाय. दातात दात धरून बसतात."

तुझा चेहरा मी तेव्हा बघितला. सगळा जन्म जबड्याला जबडा जुळवण्यात गेलेला माणूस, आणि नेमकी तीच गोष्ट त्याच्या डोळ्यांसमोरून निसटली होती. तू तिथेच वाळूत खाली बसलास आणि हसत सुटलास, तोंड उघडं टाकून, तुटक्या दातासकट. मी एवढं मोकळं हसताना तुला त्याआधी आणि त्यानंतर बघितलं नाही. फोटो तेव्हाच काढायला हवा होता.

तू त्या बाईंना फोनवर खेळ खेळायला लावलास. त्यांनी आणखी चार चुका काढल्या. पंधरा दिवसांत दुरुस्त खेळ सोडलास आणि वर लिहिलंस, 'आधीच्या खेळात बोंबील शेपटीला टांगले होते. चूक माझी.' माझी होती, नंद्या. चित्र मी काढलं होतं.

आपली खरी भांडणं दोनच. एक रंगांचं. दुसरं हरण्याचं. तुझ्या एकाही खेळात कोणी हरत नाही. बादली सांडली तर पुन्हा नळावर जा. कावळ्याने बोंबील नेला तर दुसरा टांग. 'खेळ संपला' अशी पाटी तू कधी लावलीच नाहीस. मी म्हणायची, हरायला शिकवलं नाही तर खेळ कसला? वर्गात मी रोज बघते, हरलेलं मूल दुसऱ्या दिवशी जास्त नीट चित्र काढतं. तू म्हणायचास, "हरला की माणूस उठून जातो गं. बाहेर हरतोच की तो. इथे तरी बसू दे." मला अजूनही वाटतं माझंच बरोबर होतं. एवढंच की आता समोरून कोणी उत्तर देत नाही, आणि अशा जिंकण्यात काही राम नाही.

लगोरीवर तू चार वर्षं घालवलीस. तो खेळ म्हणजे आपला चौक. नळ, कट्टा, वाळत घातलेल्या गोधड्या, वरून ओरडणाऱ्या काकू. फरशीचे सात तुकडे एकावर एक रचायचे, पलीकडून चेंडू येतो तो चुकवायचा. मी आपली सगळी गँग काढली, जशी होती तशी, कोणाची चड्डी नाडीने बांधलेली, कोणाच्या केसांना तेल चोपडलेलं. चित्रं बघून तू म्हणालास, "या वेळी ऐंशी रंग राहू दे." मी तेव्हाच समजायला हवं होतं की काहीतरी बिघडलंय. तोवर तुला पोटाच्या आजाराचं कळलं होतं आणि आम्हाला तू सांगितलं नव्हतंस.

खेळ पुरा झाला होता. ट्रायल झाल्या होत्या. मी विचारायची, कधी सोडायचा, तू म्हणायचास, थांब. परळच्या हॉस्पिटलमध्ये तुला ठेवलं, तेव्हाही मी तेच विचारत होते. माझा हेतू वाईट नव्हता. मला वाटायचं, लोकांची पत्रं आली की तुला उभारी येईल. त्या दिवशी दुपारी मी माझा लॅपटॉप घेऊनच आले. म्हटलं, "एक बटण दाबायचंय, नंद्या. दाब आणि मोकळा हो."

तू म्हणालास, "नाही सोडायचा."

"का?"

"तक्रारी आल्या की उत्तर कोण देणार?"

"तू दे बरा झाल्यावर."

तू लॅपटॉपचं झाकण खाली केलंस. मग म्हणालास, "शुभे, कवळी देऊन दुकान बंद करणाऱ्यातला मी नाही. टोचली तर माणसाने जायचं कुठे?"

मला तेव्हा ते कळलं नाही. की कळलं, आणि कळून घ्यायचं नव्हतं? मी चिडले. म्हटलं, "तू भित्रा आहेस. लोक काय म्हणतील याला घाबरतोस. चार वर्षांची माझी चित्रं पडून आहेत." अजून बरंच बोलले. तू ऐकून घेतलंस आणि शेवटी म्हणालास, "चारला चहा येतो. घेऊन जा." मी घेतला नाही. लॅपटॉप पिशवीत घातला आणि निघाले. तिसऱ्या दिवशी संगीताचा फोन आला.

भित्रा म्हणाले मी तुला. बोंबलाची चूक कबूल करायला स्वतःच्या पायांनी मच्छीमार नगरला गेलेल्या माणसाला. हे मला मागे घेता येत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

तेरावं झालं आणि संगीताने मला बोलावलं. तुझा लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला. "ती लगोरी सोड. त्यांचं शेवटचं काम आहे, पडून राहायला नको." मी म्हटलं, नाही, तो नाही म्हणाला होता. ती म्हणाली, "का नाही म्हणाले?" मी सांगितलं. तिने लॅपटॉप स्वतःकडे वळवला. मग म्हणाली, "मला खेळायला दे."

तुला माहीत आहे, तिने तुझा एकही खेळ खेळला नव्हता. मी समजत होते तिला आवडत नाही. ती म्हणाली, "त्यांनीच बसवलं नाही कधी. म्हणायचे, तू मला दुखवणार नाहीस, म्हणजे तू खरं सांगणार नाहीस. शुभा तोंडावर बोलते, तिचं ऐकतो." मला हे ठाऊक नव्हतं. तू मला फटकळ म्हणायचास ती शिवी आहे असंच मी धरलं होतं.

ती खुर्चीत बसली. मी मागे. गोळी नव्हती तरी बोलले नाही. तिचं बालपण गिरगावातलं, आपल्या चौकाशी तिचा संबंध नाही, तरी ती दोन मिनिटांत सगळ्यांना ओळखायला लागली. "हे तुम्ही दोघं. ह्या आई." चेंडू लागला की "अगं बाई!" म्हणायची. सहा तुकडे रचले, पडले. परत रचले. तासभर गेला. शेवटी सातवा बसला तेव्हा तिने पदराने चष्मा पुसला आणि म्हणाली, "मधे लांबलाय."

"काय?"

"मधे कंटाळा येतो. तिसऱ्या-चौथ्या तुकड्याच्या वेळी. थोडा कमी करायला हवा होता." मग माझ्याकडे वळून, "बघ, आलं ना मला खरं बोलता? येणार नाही, असं उगीच म्हणायचे."

आम्ही दोघी हसलो आणि मग दोघी रडलो. तुझ्यासमोरच, फोटोतल्या.

मी निघताना लॅपटॉप माझ्या हातात देत ती म्हणाली, "सोड तू. कोणाला टोचलं तर तू आहेस ना."

"मला कोड लिहिता येत नाही गं. मी फक्त चित्रं काढते."

"मग शीक. रिटायर झालीयेस, करायचंय काय दिवसभर?"

मी आठ दिवस टाळलं. मग एका सकाळी डबा-भांडी आटपून बसले आणि तो खेळ सोडला. तुझ्या इच्छेविरुद्ध सोडला, हे मी लपवत नाही. तू असतास तर महिनाभर बोलला नसतास. पण आता त्या पानावर उत्तरं द्यायला माणूस आहे, एवढी सोय केली आणि मगच बटण दाबलं. तुझी हरकत तेवढीच होती ना? की आणखी काही होती, जी मी चहा घेतला असता तर सांगितली असतीस? हे मला कधीच कळणार नाही.

पहिले काही दिवस कौतुकच आलं. लोकांनी आपापल्या वाडीची, आपापल्या चौकाची आठवण काढली. मी निर्धास्त झाले. आणि मग एकाने लिहिलं, 'चेंडू नळाच्या मागे गेला की तिथेच अडकतो. बाहेर येत नाही. खेळ पुढे जात नाही.'

मी स्वतः खेळून बघितलं. खरंच अडकत होता. नळ मी काढलेला, त्यामागचा कोपरा मी काढलेला, पण चेंडूने कुठे थांबायचं आणि कुठून वळायचं हे सगळं तुझ्या डोक्यातलं. मी पहिल्यांदा तुझा कोड उघडला. वाटलं होतं इंग्रजीचं जंगल असेल. बघते तर सगळीकडे आपलेच शब्द, रोमन अक्षरांत लिहिलेले. बादली, पायरी, मांजर, काकू. काही बिघडलं की जे चालू होतं त्याचं नाव तू ठेवलंयस 'गो बाय', काकू कपाळाला हात लावून म्हणायच्या ते. मी एकटी बसून मोठ्याने हसले. सव्वीस वर्षं तुझ्या शेजारी बसूनही मी कधी त्या पडद्याकडे वाकून बघितलं नव्हतं. तू आपल्या घरच्या भाषेत लिहीत होतास, आणि मी समजत होते की ते माझं काम नाही.

एक आकडा बदलला तर नळच नाहीसा झाला. दुसरा बदलला तर चेंडू काकूंच्या गॅलरीत जाऊन बसला. तू असतास तर मागे हाताची घडी घालून गप्प उभा राहिला असतास, मेल्या, एक शब्द सांगितला नसतास. चौथ्या दिवशी मला आठवलं की 'जिना'मध्ये मांजर बादलीमागे अडकायचं आणि तू ते सोडवलं होतंस. जुनी फाइल काढली. तुझ्या मांजराच्या चार ओळी उचलल्या, मांजराच्या जागी चेंडू लिहिला, बादलीच्या जागी नळ. चेंडू नळामागे गेला, भिंतीला लागला आणि टुणकन उडी मारून चौकात आला. मी ते वीस वेळा बघितलं. मग दुरुस्त केलेला खेळ वर चढवला, आणि खाली लिहिलं की चूक होती, सुधारली आहे, खेळून सांगा.

दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं. 'आता चेंडू बरोबर बाहेर येतो. थँक्यू दादा.'

मी लगेच लिहायला घेतलं, 'मी दादा नाही. दादा गेले, मी...' एवढं टाइप केलं आणि हात थांबला. लिहिलेलं सगळं पुसलं. त्याला फक्त एवढंच कळवलं, 'पुन्हा कुठे अडकला तर सांग. मी इथेच आहे.'